निळी रेषा, लाल रेषा आणि उल्हास

पावसाळ्यात बदलापूरकरांच्या व्हॉट्सॲपवर दोन आकडे कायम फिरत असतात. इशारा पातळी १६.५० मीटर, धोका पातळी १७.५०. त्यांच्याखाली तिसरा आकडा असतो, उल्हास नदी या घटकेला कुठवर आली याचा. तो सोळाच्या पुढे सरकला की नदीकाठच्या सोसायट्यांत कुणाला काही सांगावं लागत नाही. पार्किंगमधल्या गाड्या उंच रस्त्यावर जातात, तळमजल्यावर फ्रिजखाली विटा सरकवल्या जातात. आपल्याकडे पाऊस किती झाला यापेक्षा कर्जत-माथेरान-लोणावळ्याला किती कोसळला, ही चौकशी आधी होते; उल्हास उतरते ती घाटमाथ्यावरून. खाली कल्याणला खाडी. तिथे भरती असली की पुराचं पाणी पुढे जायचं सोडून मागे फुगतं.

ही सावधगिरी २६ जुलै २००५ची देणगी. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि सगळी आठवण मुंबईच्या खात्यावर जमा झाली. उल्हासने कल्याण-बदलापूरचा पट्टा बुडवला, हे बाहेरच्यांना फारसं ठाऊक नाही. २०१९ला त्याच तारखेच्या रात्री कोल्हापूरकडे निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान पाण्यात अडकली. एनडीआरएफच्या बोटी आल्या, नौदल आलं, आसपासचे गावकरी धावले. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत हजारावर प्रवासी सुखरूप बाहेर निघाले. त्यांत नऊ गरोदर महिला होत्या. जीव एकाचाही गेला नाही. माणसं बाहेर काढणं आपल्याला जमायला लागलंय, हे मोकळेपणाने मान्य करायला हवं.

अडतं ते नकाशावर. जलसंपदा विभाग नदीच्या दोन्ही अंगांना दोन रेषा आखतो. पंचवीस वर्षांतून एकदा येईल अशा पुराची निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येईल अशा पुराची लाल, असा ढोबळ हिशेब. काठापासून निळ्या रेषेपर्यंत निषिद्ध क्षेत्र: बाग, मैदान, उघडी मंडई चालेल, नवी इमारत नाही. निळ्या-लालच्या मधल्या पट्ट्यात बांधता येतं, पण अटी पाळून. ऐकायला सोपं आहे. मात्र ज्याच्या सातबाऱ्यावरून ही रेषा जाते, त्याच्या जमिनीचा भाव एका रात्रीत बसतो. त्यामुळे बदलापुरात पूररेषा हा नदीपेक्षा गुंठ्यांचा वाद होऊन बसला आहे. ‘फेरसर्वेक्षण करा’ या मागणीत नेहमीच लबाडी असते असंही नाही. भराव, पूल, रस्ते यांनी पाण्याची वाट खरोखर बदलते. पण रेषा मागे घ्या म्हणणारे पुष्कळ भेटतात, पुढे आणा म्हणणारा विरळाच.

अंबरनाथ-उल्हासनगरची तऱ्हा निराळी. तिथली नदी वालधुनी. १०६० सालचं शिवमंदिर तिच्याच काठी उभं आहे. पुढे उल्हासनगरात ती घरांच्या भिंतींमधून वाट काढते आणि लोक तिला सरळ नाला म्हणतात. हे शहरच फाळणीत उखडलेल्या सिंधी कुटुंबांना लष्करी बराकींत आसरा देऊन वसलेलं, १९४९ला उल्हासनगर हे नाव मिळालेलं. जागा पुरेना, बांधकामं वाढत गेली आणि २००६मध्ये ती नियमित करायला विधिमंडळाने या एका शहरासाठी खास कायदा केला. घरांना कागद मिळाला. वालधुनीचं पात्र होतं तेवढंच राहिलं.

राज्याच्या २०२०च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत निळ्या-लाल रेषांच्या मधल्या पट्ट्यासाठी एक तोडगा आहे: जोतं लाल रेषेच्या पातळीहून किमान ४५ सेंटिमीटर वर घ्या आणि बांधा. या पंचेचाळीस सेंटिमीटरवर किती मदार ठेवायची? घर कोरडं राहील, मान्य. पण वीजमीटर, पाण्याचा पंप, लिफ्टचा खड्डा बहुधा खालीच. दूधवाला, रुग्णवाहिका, शाळेची बस ज्या रस्त्याने येणार तो रस्ताही खालीच. चौथ्या मजल्यावरच्या आजीला डायलिसिसला न्यायचं झालं, तर जोतं नियमात असूनही बोटच बोलवावी लागणार. रस्ता किती उंच हवा, याची अट त्या परवानगीतच का असू नये, हे नगररचना विभागाला विचारायला हरकत नाही.