लेक्कीचा टोलनाका

नायजेरियात सशस्त्र दरोडेखोरांच्या बंदोबस्तासाठी १९९२ साली स्थापन झालेले ‘सार्स’ हे पोलीस पथक कालांतराने स्वतःच रयतेच्या धास्तीचा विषय झाले. कारण ज्याच्या हाती लॅपटॉप, खिशात महागडा फोन आणि डोक्यावर वेण्या, तो तरुण भामटाच असणार असे गृहीत धरून त्याला भररस्त्यात अडवावे, बडवावे आणि पैसे उकळूनच सोडावे, असा पथकाचा शिरस्ता पडला होता. ऑक्टोबर २०२० मध्ये लागोस, अबुजा आदी शहरांत तरुण या पथकाविरुद्ध रस्त्यावर उतरले, तेव्हा त्यांनी कोणालाही पुढारी नेमले नाही. आणि ते शहाणपणाचेच होते, कारण पुढारी फोडण्याची विद्या सरकारदरबारी फार जुनी. जखमींची शुश्रूषा, अटकेतल्यांसाठी वकील, अन्नपाणी यांची तजवीज करण्यात ‘फेमिनिस्ट कोएलिशन’ हे तरुण स्त्रियांचे मंडळ अग्रभागी होते. बँकेची वाट बंद झाली, तेव्हा त्यांनी बिटकॉइनमधून वर्गणी घेतली. ११ ऑक्टोबरला पथक बरखास्त केल्याचा हुकूम सुटला, परंतु दोनच दिवसांत नव्या नावाचे पथक जाहीर झाल्याने निदर्शक हटले नाहीत. २० तारखेच्या सायंकाळी लागोसमधल्या लेक्कीच्या टोलनाक्यावर, राष्ट्रध्वज हाती धरून बसलेल्या जमावाच्या दिशेने लष्कराने गोळ्या झाडल्या. लागोस राज्याच्या चौकशी समितीने २०२१ मध्ये लष्करावर ठपका ठेवला. सरकारने तिचे मुख्य निष्कर्ष अमान्य केले.