लंडनच्या काळ्या टॅक्सीमागचा अभ्यास
लंडनमध्ये काळी टॅक्सी चालवायची तर आधी ‘द नॉलेज’ पास व्हावं लागतं. १८६५ पासूनची परीक्षा आहे ही! मध्य लंडनमधल्या चेरिंग क्रॉसपासून सहा मैलांच्या परिघातले सुमारे २५,००० रस्ते तोंडपाठ हवेत. शिवाय हॉटेलं, हॉस्पिटलं, थिएटरंही. तयारीत तीन-चार वर्षं सहज जातात. स्कूटरच्या हँडलला नकाशा अडकवून उमेदवार भर पावसातही गल्लीबोळ पिंजून काढतात. नेमून दिलेले मार्ग ३२०. पहिला मॅनर हाउस स्टेशन ते गिब्सन स्क्वेअर. मग तोंडी परीक्षा. परीक्षक दोन ठिकाणं सांगणार, आपण नकाशाशिवाय एकेक रस्ता, एकेक वळण क्रमानं घडाघडा सांगायचं.

मला सगळ्यात थक्क करतं ते मेंदूशास्त्रज्ञ एलिनॉर मॅग्वायर यांचं २००० सालचं संशोधन. या चालकांच्या मेंदूतल्या, स्मरणाशी निगडित हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा आढळला!