पाणी कोमट कां येतें?

घाटकोपरच्या चाळींतला तांब्याचा बंब आतां दिसेनासा झाला. त्याच्या जागीं कोठें विजेचा, कोठें गॅसचा गीझर आला, तर कोठें गच्चीवर सूर्याच्या उष्णतेनें पाणी तापविणारें यंत्र बसलें. साधनें बदललीं, तक्रार मात्र तीच राहिली: "पाणी पूर्वीसारखें तापत नाहीं!" थंड देशांत भिंतीच्या पायथ्याशीं नळ्या बसवून त्यांतून ऊन पाणी खेळवितात व खोल्या उबदार ठेवतात. तेथील गृहस्थाचेंही गाऱ्हाणें असेंच असतें. दोघांनींही तीन प्रश्न क्रमानें विचारावे. उष्णता पुरेशी निर्माण होते काय? ती पाण्यांत उतरते काय? आणि तें पाणी इष्ट स्थळीं पोहोंचतें काय?

पहिल्या प्रश्नाचें उत्तर साध्या गणितानें मिळतें. 2 किलोवॅटच्या गीझरनें 15 लिटर पाणी 25 अंशांवरून 60 अंश सेल्सिअसपर्यंत न्यावयास सुमारें 18 मिनिटें लागतात. घड्याळ लावून पाहावें. याहून फार अधिक वेळ लागत असेल, तर विजेचा दाब कमी असेल किंवा गीझरमध्यें दोष असेल. दाब दहा टक्क्यांनीं घटला, तर उष्णता सुमारें 19 टक्क्यांनीं घटते, हें ध्यानांत ठेवावें. उलट, दिवा लवकर विझून पाणी कोमटच राहत असेल, तर थर्मोस्टॅट कमी अंशावर लावलेला तरी असेल किंवा बिघडलेला तरी असेल. गीझर उघडण्याचें काम मात्र जाणत्या कारागिराचें आहे.

दुसरा प्रश्न क्षारांचा. तानसा, वैतरणा, भातसा यांचें तलावाचें पाणी बहुतांशीं मृदु असतें. कूपनलिकेचें वा टँकरचें पाणी पुष्कळदां जड असतें. तें तापलें म्हणजे चुन्याचे थर बसतात. गॅसच्या गीझरमध्यें या थरामुळें उष्णता पाण्यांत न शिरतां धुराबरोबर वाया जाते. विजेच्या गीझरमध्यें ती अखेर पाण्यांतच जाते. परंतु तापणारी तार आंतल्या आंत अधिक तापून लवकर जळते.

तिसरा प्रश्न वाटेचा. एकाच नळाला पाणी कोमट येत असेल, तर गीझरला दोष देऊं नये. गीझरकडे जाणारी थंड पाण्याची चावी बंद करून ऊन पाण्याचा नळ सोडावा. पाणी थोड्याच वेळांत थांबलें, तर ठीक. वाहतच राहिलें, तर कोठल्या तरी मिश्रक नळांतून थंड पाणी ऊन पाण्याच्या वाटेंत घुसत आहे, असें समजावें.

गच्चीवरच्या यंत्रांत तापलेलें पाणी हलकें होऊन वरच्या टांकींत चढतें व थंड पाणी खालीं उतरतें. नळीच्या उंच भागीं हवा अडकली, कीं हें अभिसरण थांबतें. कडक उन्हांत खालची पेटी चटका देते आणि टांकी मात्र थंड, हें त्याचें लक्षण. अशा वेळीं हवा बाहेर काढवून घ्यावी. कांचेवरची धूळही पुसावी. पावसाळ्यांत ढगांमुळें पाणी कमी तापतें, हा मात्र यंत्राचा दोष नव्हे. थंड देशांतील भिंतीवरचे तापक वरच्या बाजूस गार लागले, तर तेथेंही लहान किल्ली फिरवून हवाच सोडतात.

आतां एक गोष्ट आग्रहानें सांगावयाची. पाणी कोमट येतें म्हणून न्हाणीघराची खिडकी लावून गॅसचा गीझर अधिक वेळ चालवूं नये. प्राणवायु अपुरा पडला, कीं कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु निर्माण होतो. त्याला ना रंग, ना वास. गीझरची ज्योत निळी असावी. ती पिवळी दिसली, तर गीझर तात्काळ बंद करावा. डोकें जड झालें किंवा भोवळ आली, तर क्षणभरही न थांबतां मोकळ्या हवेंत यावें व वैद्यकीय मदत घ्यावी. असा गीझर न्हाणीघराबाहेर, वायुवीजन असलेल्या जागीं बसवून घेणें हेंच सर्वांत सुरक्षित.