गेथशेमानेतील इच्छा : ख्रिस्ताच्या पूर्ण मनुष्यत्वाचा विचार

देव मनुष्य झाला, या श्रद्धेवर ख्रिस्ती धर्माची उभारणी झाली आहे. परंतु ख्रिस्तसभेच्या पहिल्या सात शतकांचा इतिहास बारकाईने पाहिला तर असे दिसते की, येशूचे देवत्व मान्य करण्याइतकेच, किंबहुना काही बाबतींत त्याहूनही अधिक, त्याचे मनुष्यत्व पुरतेपणी मान्य करणे श्रद्धावंतांना जड गेले. हे मनुष्यत्व कमी करू पाहणारी मते पुष्कळदा नास्तिकांची नव्हती, तर भक्तिभावाने भारलेल्या माणसांची होती, आणि देवाची थोरवी राखण्याच्या कळकळीनेच ती मांडली गेली होती. या कळकळीला न जुमानता ‘पूर्ण मनुष्य’ या शब्दांवर ठाम राहण्याचे जे धैर्य ख्रिस्तसभेने वेळोवेळी दाखवले, त्यातच देहधारणेच्या सिद्धान्ताचे खरे मर्म आहे.

नव्या करारातील चारही शुभवर्तमाने या बाबतीत विलक्षण मोकळी आहेत. शोमरोनातील सूखार गावाजवळ येशू प्रवासाने थकून भर दुपारी याकोबाच्या विहिरीपाशी बसतो आणि पाणी भरायला आलेल्या परजातीच्या स्त्रीकडे प्यायला पाणी मागतो. बेथानीत लाजाराच्या कबरेकडे जाताना त्याला रडू आवरत नाही. बालपणी तो ज्ञानाने वाढत गेला असे लूक लिहितो, आणि शेवटचा दिवस केव्हा येईल हे पुत्रालाही ठाऊक नाही, असे त्याच्याच तोंडचे वचन मार्क निःसंकोचपणे नोंदवतो. वाढणे, थकणे, रडणे आणि ठाऊक नसणे या गोष्टी सर्वज्ञ परमेश्वराच्या ठायी कशा मानायच्या, हा पेच पुढच्या पिढ्यांना पडला तो या नोंदींमुळेच.

त्या पेचातून सुटण्याचा सर्वांत सोपा मार्ग भासवाद्यांनी काढला. येशूचा देह हा निव्वळ आभास होता, त्याने दुःख भोगल्यासारखे केवळ दिसले, असे त्यांचे म्हणणे होते. दुसऱ्या शतकाच्या आरंभी अंत्युखियाचा बिशप इग्नेशियस याला मृत्युदंडासाठी रोमकडे नेले जात होते. त्या वाटेवर लिहिलेल्या पत्रांत त्याने या मताचा कडाडून प्रतिवाद केला, कारण ख्रिस्ताचे दुःख जर आभास असेल तर आपल्या हातांतल्या बेड्यांनाही काही अर्थ उरत नाही, हे त्याला प्रत्यक्ष भोगून कळले होते.

इ.स. 325 मध्ये नीकिया येथील महापरिषदेने आलेक्सांद्रियाच्या एरियसचे मत नाकारून पुत्र हा पित्याशी एकतत्त्व आहे, म्हणजे निर्माण केलेला नसून स्वरूपाने देवच आहे, असे जाहीर केले. या निर्णयाचा कट्टर समर्थक असलेला लावदिकियाचा बिशप अपोलिनारिस याने त्यातून एक वेगळेच अनुमान काढले : ख्रिस्ताला शरीर मानवाचे होते, परंतु विचार करणाऱ्या मानवी मनाच्या जागी त्याच्यात साक्षात देवाचा शब्द वसत होता. त्यावर नाझियांझसच्या ग्रेगरीने जे उत्तर दिले ते या साऱ्या वादाची कसोटी ठरले. त्याच्या युक्तिवादाचे सार असे की, देवाने जे स्वीकारले नाही ते बरेही झाले नाही. आणि पापाचा उगम तर मनातच असल्यामुळे, मन वगळून केवळ मांसाचा स्वीकार करणाऱ्या तारणाऱ्याने माणसाचा रोग होता तिथेच ठेवला असता. 381 च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेने अपोलिनारिसचे मत त्याज्य ठरवले.

पाचव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलचा बिशप नेस्तोरियस आणि आलेक्सांद्रियाचा बिशप सिरिल यांच्यात मरियेला ‘देवमाता’ म्हणावे की नाही यावरून जो संघर्ष पेटला, त्यात धर्मविचाराइतकेच दोन महानगरांच्या सत्तास्पर्धेचेही बळ होते, म्हणून त्याचा तपशील येथे सोडून देण्यास हरकत नाही. त्याची परिणती महत्त्वाची आहे. 451 मध्ये खाल्किदोन येथे, म्हणजे आजच्या इस्तंबूलमधील कादिक्योय भागात भरलेल्या परिषदेने असे सूत्र ठरवले की, ख्रिस्त ही व्यक्ती एकच असून तिचे स्वभाव दोन आहेत. येथे ‘व्यक्ती’ म्हणजे ‘हा कोण?’ या प्रश्नाचे उत्तर आणि ‘स्वभाव’ म्हणजे ‘हा काय आहे?’ या प्रश्नाचे उत्तर. हे दोन स्वभाव एकमेकांत मिसळत नाहीत, बदलत नाहीत, विभागले जात नाहीत आणि विलग होत नाहीत, असे चार नकार परिषदेने नोंदवले. अर्धा देव आणि अर्धा मनुष्य अशी जी समजूत आजही सर्रास आढळते, ती या सूत्राने मुळातच बाद होते.

तरीही खरा कस लागला तो सातव्या शतकात. इजिप्त आणि सीरियातील बहुसंख्य ख्रिस्ती जनतेला खाल्किदोनचे सूत्र मान्य नव्हते, आणि इराणशी झालेल्या दीर्घ युद्धाने खिळखिळे झालेले बायझंटाइन साम्राज्य तर या प्रांतांना गमावू शकत नव्हते. सम्राट हेराक्लियस आणि कुलपती सर्जियस यांनी म्हणून तडजोड सुचवली की, स्वभाव दोन असोत, पण ख्रिस्तामध्ये इच्छा मात्र एकच, दैवी, होती असे मानावे. 638 मध्ये तसा राजादेशही निघाला. वरवर निरुपद्रवी वाटणाऱ्या या तडजोडीला मॅक्सिमस या संन्याशाने विरोध केला. एकेकाळी राजदरबारी सेवेत राहिलेल्या या माणसाला आपण कोणाशी झुंजत आहोत याची पूर्ण कल्पना असली पाहिजे.

मॅक्सिमसच्या विचाराचे केंद्र होते गेथशेमाने. जैतुनाच्या डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या त्या जागी, अटकेच्या रात्री, पेत्र, याकोब आणि योहान थोड्या अंतरावर झोपी गेलेले असताना येशू पित्याला विनवतो की हा प्याला शक्य असेल तर आपल्यावरून टळून जावा, आणि लगेच म्हणतो की माझ्या नव्हे, तर तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. मॅक्सिमस विचारतो, ही ‘माझी’ इच्छा कोणाची? ती पुत्राची दैवी इच्छा मानली तर पुत्र आणि पिता यांच्यात विरोध मानावा लागेल आणि देवाची एकताच मोडेल. ती नव्हतीच असे म्हटले तर प्रार्थना हे नाटक ठरेल. म्हणून ती मानवी इच्छाच असली पाहिजे. जिवंत माणसाने मृत्यूपासून मागे सरणे हे पाप नव्हे, तो निर्माण केलेल्या स्वभावाचा धर्म आहे. येशूने ती ओढ खरोखर अनुभवली आणि तिच्यासह, तिला न मारता, होकार दिला. हे करू की ते करू अशी जी दोलायमान निवड पतित माणसाच्या वाट्याला येते, ती मात्र मॅक्सिमसने ख्रिस्ताच्या ठायी मानली नाही. तापून लाल झालेली तलवार एकाच वेळी कापते आणि भाजते, पण लोखंड लोखंडच राहते आणि अग्नी अग्नीच, या दृष्टान्ताने त्याने दोन्ही क्रियांचे ऐक्य समजावले. माणसाचे तारण जर माणसाच्या होकाराशिवाय झाले असते, तर ती त्याच्यावर केलेली जबरदस्तीच ठरली असती. मॅक्सिमसच्या आग्रहामागची ही जाण आजही अंतःकरणाला भिडते.

या आग्रहाची किंमत भयंकर होती. 648 मध्ये सम्राट दुसरा कॉन्स्टन्स याने या विषयाची चर्चाच बंद करण्याचा हुकूम काढला. 649 मध्ये रोमच्या लॅटरन सभेत एक-इच्छामताचा निषेध करणारा पोप मार्टिन अटकेत पडला आणि क्रिमियात हद्दपारीत मरण पावला. मॅक्सिमसवर खटले चालले, आणि 662 मध्ये, तो ऐंशी वर्षांचा वृद्ध असताना, त्याची जीभ आणि लिहिणारा उजवा हात तोडून त्याला आजच्या जॉर्जियातील लाझिका प्रांतात धाडण्यात आले, जिथे त्याच वर्षी त्याचा अंत झाला. ज्या प्रांतांसाठी ही तडजोड होती ते तोवर अरबांच्या ताब्यात गेले होते. 680-81 च्या तिसऱ्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेने दोन इच्छांचे मत स्वीकारले आणि त्याविरुद्ध गेलेल्यांत दिवंगत पोप होनोरियस यालाही दोषी ठरवले.

देव मनुष्य का झाला, याची उत्तरे मात्र एकसारखी नाहीत. चौथ्या शतकातील अथनेशियसला त्यात नाशवंत मानवाला देवाच्या जीवनात सहभागी करून घेणे दिसले. अँसेल्मने 1098 च्या सुमारास पापाने मोडलेली न्यायाची घडी बसवण्याच्या अंगाने विचार केला. तर डन्स स्कॉटसच्या मते माणूस पापात पडला नसता तरीही देव मनुष्य झाला असता, आणि यांत हेच उत्तर सर्वांत उदार आहे.

मराठी वाचकाला येथे अवतारांची आठवण होणे स्वाभाविक आहे, आणि साम्य नाकारण्याचे कारण नाही. परंतु वैष्णव परंपरेत अवतार युगायुगांत अनेकदा होतो आणि कार्य संपल्यावर त्याची समाप्ती होते, तर ख्रिस्ती श्रद्धेनुसार ही घटना एकदाच घडली आणि तिच्यातून माघार नाही. गोव्यात आलेल्या इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी 1616 मध्ये रायतूर येथे प्रसिद्ध झालेल्या ‘ख्रिस्तपुराणा’त येशूचा जन्म, दुःखभोग आणि पुनरुत्थान ओवीबद्ध केले, तेव्हा पुराणाची ओळखीची चाल घेऊनही ही कायमस्वरूपी मानवता त्यांना त्या चौकटीत आणायची होती.

खाल्किदोनने पडलेली फूट पंधरा शतके टिकली. 1973 मध्ये पोप पॉल सहावे आणि कॉप्टिक पोप शेनूदा तिसरे यांनी संयुक्त निवेदनातून ख्रिस्त पूर्ण देव आणि पूर्ण मनुष्य असल्याची समान श्रद्धा मांडली, आणि 1994 मध्ये पूर्वेकडील असिरियन ख्रिस्तसभेशीही तसेच निवेदन झाले. दोन्ही परंपरांशी जुने नाते असलेल्या केरळच्या सिरियन ख्रिस्ती समाजांसाठी हा दूरदेशीचा विषय नव्हता.

पुनरुत्थित येशू शिष्यांना दिसला तेव्हा त्याच्या हातांवर खिळ्यांचे आणि कुशीत भाल्याचे व्रण होते, असे योहान सांगतो, आणि स्वर्गारोहणातही त्याने ते शरीर टाकले नाही, असे ख्रिस्तसभा मानते. जन्मजात अपंगत्व असलेल्या अमेरिकन अभ्यासक नॅन्सी आयस्लंड यांनी 1994 मधील आपल्या ग्रंथात याच नोंदीचा आधार घेतला. पुनरुत्थानानंतरही देवाने व्रणांकित देह स्वतःचा म्हणून राखला असेल, तर अपंग देहाला पापाची खूण किंवा केवळ बरे करण्याची वस्तू मानण्याचा अधिकार ख्रिस्तसभेला उरत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. आणि त्याला धरून त्यांनी प्रार्थनामंदिरांतील पायऱ्यांपासून प्रभुभोजनाच्या पद्धतीपर्यंत साऱ्या रूढींचा जाब विचारला.