बॉडी बदलू की लेन्स? नवशिक्या फोटोग्राफरचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

कॅननचा ईओएस १५००डी किंवा निकॉनचा डी३५०० आणि सोबत आलेली १८-५५ मिमीची किट लेन्स. आपल्याकडे फोटोग्राफी शिकू लागलेल्या अनेकांकडे अशीच जोडी असते. दोन्ही कॅमेरे २०१८ सालचे. आता सगळीकडे मिररलेसचा बोलबाला आहे, त्यामुळे ‘आपला कॅमेरा जुना झाला’ अशी चुटपुट लागते. ती कधी कधी रास्तही असते. पण फोटो नेमका कशाने बिघडतो हे कळण्याआधी खरेदी केली, तर पैसे भलतीकडेच खर्च होतात.

गैरसमज : मेगापिक्सेल जास्त, तितका फोटो चांगला.

वस्तुस्थिती : २४ मेगापिक्सेल म्हणजे एका फोटोत सुमारे २ कोटी ४० लाख पिक्सेल. फोर-के टीव्हीचा अख्खा पडदा ८३ लाखांत भरतो. इंचाला ३०० पिक्सेल धरले तरी २० बाय १३ इंचांचा प्रिंट सहज निघतो. मेगापिक्सेल दुप्पट केले, तर २० इंचांचे ४० होत नाहीत, २८ होतात. दूरचा पक्षी मोठा दिसावा म्हणून फोटो बराच कापावा लागतो, तिथे जादा पिक्सेल कामी येतात. व्हॉट्सॲपसाठी त्यांचा काहीच उपयोग नाही.

गैरसमज : कमी उजेडात फोटो खराब येतात, म्हणजे फुल फ्रेम कॅमेरा हवाच.

वस्तुस्थिती : हिशेबच करून पाहू. दिवाणखान्यातल्या दिव्यांत मंगळागौरीचे खेळ रंगले आहेत. किट लेन्स ५५ मिमीवर एफ/५.६ पेक्षा जास्त उघडत नाही. समजा, आयएसओ ३२०० ठेवून शटर स्पीड १/६० मिळाला. एवढ्यावर फुगडी घालणाऱ्यांचे चेहरे पुसट येणारच.

फुल फ्रेम सेन्सरचे क्षेत्रफळ १५००डीसारख्या कॅननच्या कॅमेऱ्यांतल्या लहान, म्हणजे क्रॉप सेन्सरच्या सुमारे २.६ पट असते. ॲपर्चर तेच राहिले, तर प्रकाशाचा फायदाही साधारण तेवढाच. उलट आहे त्याच कॅमेऱ्याला ५० मिमी एफ/१.८ लेन्स लावली, तर एफ/५.६च्या साडेनऊ पटींहून अधिक प्रकाश आत येतो आणि शटर स्पीड १/५०० पर्यंत नेता येतो. या लेन्सला फुल फ्रेम बॉडीच्या मानाने फारच कमी पैसे पडतात.

अर्थात तिच्याही मर्यादा आहेत. एफ/१.८वर फोकसची खोली कमी असते; दोघी मागेपुढे उभ्या असल्या तर एकीचाच चेहरा स्पष्ट येतो. अशा वेळी एफ/२.८वर यावे, तरीही किट लेन्सच्या चौपट प्रकाश मिळतो. शिवाय क्रॉप सेन्सरवर ५० मिमीच्या चौकटीत कमी मावते. खोली लहान असेल तर ३५ मिमी बरी.

गैरसमज : कंपनी एकच असली की कुठलीही लेन्स चालते.

वस्तुस्थिती : निकॉन डी३५०० आणि डी५६०० यांच्या बॉडीत फोकस फिरवणारी मोटर नाही. सेकंडहँड बाजारात स्वस्तात मिळणारी ५० मिमी एफ/१.८डी त्यांना बसते, पण ऑटोफोकस होत नाही. त्यांना स्वतःची मोटर असलेली, उदाहरणार्थ एएफ-एस, लेन्स घ्यावी लागते. कॅनन आणि निकॉनच्या मिररलेसचे माउंटही वेगळे आहेत. जुन्या लेन्स वापरायच्या तर ॲडॉप्टरचा खर्च आधीच धरावा.

गैरसमज : नव्या कॅमेऱ्यात स्टॅबिलायझेशन असते, त्यामुळे फोटो हलत नाही.

वस्तुस्थिती : स्टॅबिलायझेशन आपल्या हाताचा कंप सावरते. समोरचे मूल धावत असेल, तर त्याला थांबवायला वेगवान शटरच लागते.

गैरसमज : मग नवी बॉडी घेणे ही निव्वळ उधळपट्टी.

वस्तुस्थिती : असेही नाही. १५००डीमध्ये फोकसचे फक्त ९ बिंदू आहेत, तेही चौकटीच्या मध्याजवळ. भिगवणला उडता पक्षी टिपताना तो या बिंदूंमधून सतत निसटतो. अनेक नवे मिररलेस चौकटीच्या बहुतेक भागात फोकस साधतात आणि पक्ष्याचा डोळा ओळखून त्याचा पाठलाग करतात. इथे तंत्राने खरोखर मोठी मजल मारली आहे. नाटकाचे किंवा मैफलीचे फोटो काढणाऱ्यांना आवाज न करणारे इलेक्ट्रॉनिक शटरही वरदान वाटते. मात्र काही एलईडी दिव्यांखाली त्याने फोटोत पट्टे उमटतात, हे घेण्याआधी तपासावे.

मग ठरवायचे कसे?

आपले फसलेले फोटो काढून बसा आणि संगणकावर मोठे करून पाहा. सगळेच एका दिशेने ओढल्यासारखे दिसत असेल, तर हात हलला आहे : ट्रायपॉड किंवा स्टॅबिलायझेशन हवे. भिंत स्पष्ट आणि माणूस पुसट असेल, तर शटर मंद होते : मोठ्या ॲपर्चरची लेन्स किंवा जास्त आयएसओ हवे. नाकाऐवजी मागचा पडदा स्पष्ट असेल, तर फोकस चुकला : आधी एकच बिंदू निवडून फोकस करायची सवय लावा, तरीही पळत्या-उडत्या विषयांवर तो वारंवार चुकत असेल तर नव्या बॉडीचा विचार करा. फोटो स्पष्ट आहे पण नीरस वाटतो, तर प्रकाश, वेळ आणि उभे राहण्याची जागा बदला. त्याला पैसे लागत नाहीत.

निदान झाल्यावरही लगेच विकत घेऊ नका. मुंबई-पुण्यात लेन्स आणि बॉडी दिवसाच्या भाड्याने मिळतात. शनिवार-रविवार वापरून पाहा. जुन्या आणि नव्या फोटोंत तुम्हाला स्वतःला फरक दाखवता आला, तरच खरेदी करा.