भंगाराच्या कमाईवर

१९४९ साली पॅरिसजवळच्या न्वी-प्लेझांस इथे आबे पिएर या धर्मगुरूंची गाठ जॉर्ज नावाच्या माणसाशी पडली. खुनाच्या गुन्ह्यात काळ्या पाण्याची शिक्षा भोगून तो परतला होता. घरच्यांना तो नकोसा झाला होता आणि त्याने जीव द्यायचाही प्रयत्न केला होता. पिएर यांनी त्याला पैसे दिले नाहीत, खिशात नव्हतेच. बेघरांसाठी घरं बांधतोय, मदतीला ये, एवढंच सांगितलं. ‘एमाउस’ ही चळवळ इथून सुरू झाली.

पिएर तेव्हा खासदार होते आणि पगार विटा-सिमेंटमध्ये जायचा. १९५१ मध्ये खासदारकी गेली नि पैसा आटला. त्यांनी रस्त्यावर हात पसरून पाहिला, रेडिओवरच्या प्रश्नमंजूषेत उतरून पैसेही जिंकले. पण असं किती दिवस चालणार? एकत्र राहून काम करणाऱ्या बेघरांच्या वस्तीतल्या सोबत्यांनी मग भंगाराचा रस्ता धरला. लोकांनी टाकलेल्या चिंध्या, भांडी, लोखंड गोळा करायचं, निवडायचं, विकायचं. १९५४ च्या कडाक्याच्या हिवाळ्यात घराबाहेर काढलेली एक बाई पॅरिसच्या रस्त्यावर गारठून मेली. १ फेब्रुवारीला पिएर यांनी रेडिओवरून हाक दिली आणि पांघरुणं, कपडे, पैसे यांचा असा लोट आला की सामान ठेवायला बंद पडलेलं ओर्से रेल्वे स्थानक उघडावं लागलं. त्याच ओर्सेत आज जगप्रसिद्ध चित्रसंग्रहालय आहे.

इंग्लंडमध्ये ही कल्पना पोचायला १९९१ साल उजाडलं. विद्यार्थिदशेत पॅरिसच्या वस्तीत राबलेल्या सेल्विन इमेज यांनी केंब्रिजजवळ पहिली वस्ती उभी केली. जुन्या वस्तूंची धर्मादाय दुकानं तिथल्या प्रत्येक बाजारपेठेत असतात. नफा कर्करोग संशोधनाला किंवा मुक्या जनावरांना जातो. एमाउसच्या दुकानाचा नफा मात्र ते चालवणाऱ्यांच्याच छपरावर नि जेवणावर खर्च होतो.

बेघर माणूस इथे येतो तो ‘सोबती’ म्हणून. स्वतःची खोली, जेवण, आठवड्याला थोडा हातखर्च मिळतो. मुक्कामाला मुदत नाही. बदल्यात झेपेल तसं पूर्णवेळ काम करायचं, आवारात दारू आणि नशा वर्ज्य, आणि घरभाड्याचं साहाय्य वगळता बेकारभत्ता सोडायचा. शेवटची अट मला सुरुवातीला जाचक वाटली होती. पण रांगेत उभं राहून भत्ता घेणं आणि आपण विकलेल्या कपाटाच्या पैशात जेवणं, यांतला फरक ज्याने रांग अनुभवलीय त्यालाच नीट कळत असावा.

काम तसं चिकाटीचं. सोफा आला की आधी गाद्या उचलून, वेळ पडली तर उलटा करून, शिवलेलं लेबल शोधायचं. आगीला तोंड देणारं कापड-फोम असल्याची ती खूण. ती नसेल तर १९८८ च्या नियमांमुळे सोफा कितीही देखणा असो, विकता येत नाही. केटल-इस्त्री विजेची तपासणी होऊनच मांडणीवर जाते. कपड्यांत विकाऊ एकीकडे, फाटके चिंध्यांच्या गठ्ठ्यात. व्हॅन चालवणं, सुतारकाम, गल्ला सांभाळणं, सगळ्यांचा स्वयंपाक: सहा महिने सलग असं काही केलेल्या माणसाकडे नोकरी मागताना सांगण्यासारखं काहीतरी असतं. एरवी पत्ताच नसलेल्याला दारात कोण उभं करतो?

सगळंच गोड नाही. फ्रान्समध्ये सोबती कायद्याने कामगार ठरत नाहीत, त्यामुळे किमान वेतन लागू होत नाही. लीलजवळच्या एका वस्तीत कागदपत्रं नसलेल्या परदेशी सोबत्यांनी पिळवणुकीची तक्रार करत २०२३ च्या जुलैत संप पुकारला. पुढच्या वर्षी त्याहून मोठा धक्का बसला. २००७ मध्ये वारलेल्या पिएर यांच्यावर अनेक स्त्रियांनी केलेल्या लैंगिक छळाच्या आरोपांचा अहवाल खुद्द एमाउसनेच प्रसिद्ध केला. त्यांच्या नावाच्या प्रतिष्ठानाने नंतर ते नाव सोडलं. अहवाल दडपला नाही, हे चळवळीच्या बाजूने नोंदवायला हवं. सोबत्यांच्या हक्कांचा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही, आणि माझ्या मते कायद्याचं संरक्षण नसेल तर नुसत्या सद्भावनेवर विसंबू नये.

इंग्लंडात राहणाऱ्या मराठी मंडळींना एक विनंती. घर बदलताना चांगल्या वस्तू जवळच्या एमाउसच्या दुकानाला जरूर द्या. मोडकं-फाटकं मात्र दारात ठेवून येऊ नका. त्याची विल्हेवाट लावायला त्यांना पदरचे पैसे मोजावे लागतात.