पोर्श ९४४ आणि हौशी शर्यतींचे एक दशक

पोर्श ९४४ ही गाडी १९८२ मध्ये बाजारात आली आणि १९९१ मध्ये तिचे उत्पादन थांबले. या काळात सुमारे १ लाख ६३ हजार गाड्या तयार झाल्या, त्यातल्या बहुतेक जर्मनीत नेकार्सउल्मच्या आउडी कारखान्यात. तिच्या आधीच्या ९२४ मध्ये आउडीच्या घराण्यातले इंजिन होते. त्यामुळे ‘ही खरी पोर्श नव्हेच’ हा शेरा ९२४ला मिळाला आणि वारसाहक्काने ९४४लाही चिकटला. तो साफ अन्यायाचा होता. ९४४चे अडीच लिटरचे, चार सिलिंडरचे इंजिन पोर्शनेच घडवलेले होते. पोर्शच्या ९२८ या गाडीच्या आठ सिलिंडरच्या इंजिनाची एक बाजू घ्यावी, अशी त्याची रचना होती. १९८१च्या ल मांसच्या शर्यतीत या इंजिनाचे टर्बो रूप बसवलेली गाडी सातवी आली, तेव्हा ९४४ विक्रीलाही आलेली नव्हती.

इंजिन पुढे आणि गिअरबॉक्स मागच्या चाकांपाशी असल्यामुळे गाडीचे वजन दोन्ही टोकांना जवळजवळ सारखे पडे. नवशिक्याने वळणात चूक केली तरी ती सावरायला वेळ देई. गाडी नवी असतानाची वर्षे मात्र हौशी शर्यतीच्या दृष्टीने कोरडीच गेली. १८ हजार डॉलरची गाडी कोण ठोकून घेणार? १९९२ मध्ये पोर्श क्लब ऑफ अमेरिकाने सभासदांसाठी शर्यती सुरू केल्या, पण तिथेही मान होता तो पोर्शच्याच ९११चा.

खरा काळ आला २००० नंतर. तोवर ९४४ तिसऱ्या-चौथ्या मालकाकडे पोहोचली होती आणि वर्कशॉपचे बिल गाडीच्या किमतीपेक्षा मोठे होऊ लागले होते. नुसता क्लच बदलायचा तरी एक्झॉस्ट उतरवून, गिअरबॉक्स सोडवून, मधली टॉर्क ट्यूब मागे सरकवावी लागे. असले काम निघाले की मालक गाडी अंगणात उभी करत आणि कालांतराने मिळेल त्या किमतीला देऊन टाकत. अशा गाड्या शिक्षक, वेल्डर, संगणक अभियंते अशा लोकांनी घेतल्या. नॅशनल ऑटो स्पोर्ट असोसिएशन या अमेरिकी संस्थेच्या ‘९४४ स्पेक’ वर्गाने त्यांना मैदान दिले. आठ व्हॉल्वची साधी ९४४, चालकासह किमान वजन ठरलेले, बदलांना काटेकोर मर्यादा. पैसा ओतून पुढे जायची वाट त्यामुळे बंद झाली. २००६ मध्ये जे लॅम यांनी कॅलिफोर्नियातल्या आल्टामाँट ट्रॅकवर ‘२४ अवर्स ऑफ लेमन्स’ ही शर्यत सुरू केली. तिथे सुरक्षेची साधने सोडून गाडीवर ५०० डॉलरच खर्च करायची मुभा होती, आणि एवढ्यात बसणारी ९४४ तेव्हा सापडे.

या दशकाचा खरा गुरू म्हणजे दुसऱ्या सिलिंडरचे कनेक्टिंग रॉड बेअरिंग. लांब वळणात तेल संपच्या, म्हणजे इंजिनाच्या तळातल्या तेलाच्या भांड्याच्या, एका बाजूला चढते, शोषनळीचे तोंड उघडे पडते आणि पंप हवा ओढतो. जोराने फिरणाऱ्या क्रँकमुळे तेलाला फेस येतो, तो वेगळाच. तेलाचा थर तुटला की सर्वांत आधी जाते ते दुसऱ्याचे बेअरिंग. पहिली खूण डॅशबोर्डवर दिसते. सरळ रस्त्यावर चार-पाच बारवर असलेला तेलाच्या दाबाचा काटा वळणात खाली येऊ लागतो. पुढे इंजिन खालून ठोका देते. तोवर वाट पाहिली तर क्रँक गेलीच म्हणून समजावे. शहाणी मंडळी शनिवारच्या फेऱ्या संपल्या की तेलाचा फिल्टर कापून त्यातला कागद उन्हात पसरत. घड्यांमध्ये चकाकणारा चुरा दिसला की रविवारची शर्यत सोडून देत. संप उतरवून बेअरिंगच्या वाट्या काढल्यावर वरचा करडा थर झिजून तांबूस रंग उघडा पडलेला दिसे. त्यावरचे उपाय या हौशी लोकांनीच रुळवले आणि एकमेकांना शिकवले: संपमध्ये आडपडदे, तेल अर्धा लिटर जास्त, जाड तेल, आणि काही बिघडलेले नसतानाही ठराविक काळाने नव्या वाट्या.

टायमिंग बेल्टची गोष्ट याहून निष्ठुर. तो तुटला की पिस्टन व्हॉल्ववर आदळतात, व्हॉल्व वाकतात आणि हेड उतरवावे लागते. इंजिनाची थरथर शमवण्यासाठी पोर्शने मित्सुबिशीच्या परवान्याने बॅलन्स शाफ्ट घेतले होते. त्यांचा बेल्ट वेगळा. पण तोही तुटला तर त्याचे तुकडे टायमिंग बेल्टमध्ये शिरू शकतात. वॉटर पंपही टायमिंग बेल्टवरच फिरतो. ‘बेल्ट अजून चालेल’ असे म्हणून गिऱ्हाइकाला वाटेला लावणाऱ्या वर्कशॉपांनी जितकी इंजिने मोडली, तितकी ट्रॅकवरच्या बेफाम चालकांनीही मोडली नसतील. त्यामानाने इंधनपंपाला वीज देणाऱ्या डीएमई रिलेचा बिघाड गरीब. आतल्या झाळणीला केसाएवढी चीर जाते, पंपाला वीज मिळत नाही आणि तापलेली गाडी अचानक बंद पडते. त्यासाठी सुटा रिले गाडीतच ठेवत. तो बहुधा शेजारच्या प्रतिस्पर्ध्याच्या उपयोगी पडे, आणि ज्याने दिला त्यालाच दुसऱ्या दिवशी मागे टाकायचे असे.

२०१० नंतर हे सगळे आटत गेले. जुन्या गाड्यांच्या संग्राहकांना ९४४ अचानक ‘खरी पोर्श’ वाटू लागली आणि किमती चढल्या. ज्यांनी वीस वर्षे तिला नाक मुरडले, तेच आता ट्रॅकवर धावलेली गाडी म्हणजे खराब केलेली गाडी असे सांगतात. भंगारातली इंजिने संपली, काही सुटे भाग बनायचे थांबले. ट्रॅक तर आधीपासूनच जात होते. रिव्हरसाइड १९८९ मध्येच बंद पडून पुढे मॉलखाली गाडला गेला होता, आल्टामाँट २००८ मध्ये बंद पडला. स्वस्तात पोर्श पळवू पाहणारा आता पहिल्या पिढीची बॉक्स्टर घेतो. तिच्याही इंजिनात इंटरमीजिएट शाफ्टच्या बेअरिंगचा दोष आहे. पण ते बेअरिंग पुष्कळदा सूचना न देताच जाते आणि सबंध इंजिन घेऊन जाते. ९४४ स्पेकच्या शर्यती अजून होतात. मात्र नवा माणूस तिथे येतो तो बहुधा आधीच तयार केलेली शर्यतीची गाडी विकत घेऊन, आणि अंगणात उभी असलेली ९४४ संग्राहकाकडे जाते.